अक्कलकोटच्या एसटीत बसलेला वर्ग

सोलापूरहून एका तरुण प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. कला शाखेच्या महाविद्यालयात त्या तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

“उन्हाळ्यात एका कार्यशाळेसाठी पुण्याजवळच्या एका लिबरल आर्ट्स, म्हणजे शाखांच्या भिंती न ठेवता अनेक विषय एकत्र शिकवणाऱ्या, विद्यापीठात राहून आले. तिथली मुलं गोल बसून शिकतात. एक मुलगी अर्थशास्त्र शिकते आणि नाटकाचं नेपथ्यही करते. एक मुलगा जीवशास्त्राचा, पण त्याचा प्रकल्प ओव्यांवर. शिक्षकांना ती मुलं मधेच थांबवून विचारतात. परत आल्यावर माझ्या वर्गात विचारलं, ‘काही शंका?’ सगळ्या माना खाली. आमच्याकडे एकच प्रश्न येतो, ‘मॅडम, हे परीक्षेला येतं का?’ हजेरीपटावर शंभरावर नावं आहेत, समोर पंचवीस-तीस मुलं. बहुतेक जण एसटीनं येतात. दीडची गाडी गाठायची म्हणून शेवटच्या तासाला कुणी थांबत नाही. काही मुली घरी आईबरोबर विड्या वळतात, काही मुलं रात्री टॉवेलच्या कारखान्यात असतात. त्या मुलांत जे आहे ते आमच्या मुलांत नाहीच का? की सगळा पैशाचा खेळ आहे? तिथे नेमकं करतात काय, आणि त्यातलं काही इथे जमेल का? शिवाय दुसऱ्या वर्षाला माझी एक विद्यार्थिनी आहे, पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या, घरातली. कुणी सांगितलं नसताना तिनं आजीची तेलुगू गाणी वहीत उतरवून त्यांचा मराठीत अर्थ लिहून ठेवला आहे. तिला मी पुण्याला जा म्हणू का?”

प्रिय मॅडम,

तुम्हाला जे सर्वांत जास्त बोचतं आहे, तिथूनच सुरुवात करते. ‘हे परीक्षेला येतं का?’ असं विचारणारा मुलगा मठ्ठ नाही आणि निरुत्साहीही नाही. पहिलीपासून शाळेनं त्याला जी रीत लावली, ती तो इमानानं पाळतो आहे. प्रश्न शिक्षकांनी काढायचे, उत्तरं गाईडमधून पाठ करायची आणि मधे कुणी काही विचारलंच तर ‘जास्त आगाऊपणा नको’ हे ऐकून घ्यायचं. अशा मुलाला तुम्ही एका सकाळी अचानक बोलायला सांगितलंत, तर तो मान खाली घालणारच.

हीच मुलं वर्गाबाहेर बघा. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी, कॉलेजात मराठी, मोबाइलवर हिंदी. दिवसभरात इतक्या भाषांतून ये-जा करणारं, शेठकडून मजुरीचा हिशेब चोख घेणारं, मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारं पोर कुतूहलाशिवाय इथवर आलेलं नाही. त्या कुतूहलाला वर्गात काही काम मिळत नाही, म्हणून ते दाराबाहेर थांबतं. तेव्हा ‘आमच्या मुलांत नाहीच का’ हा प्रश्न मनातून काढून टाका. तो तुमच्या मुलांवर अन्याय करणारा आहे.

पैशाचं म्हणाल, तर ते अर्धं खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ही पद्धत जिथे रुजली त्या अमेरिकेतल्या चांगल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत साधारण दहा मुलांमागे एक शिक्षक असतो. मुलं आवारातच राहतात. पाठीशी पिढ्यान् पिढ्यांच्या देणग्यांची ठेव असते. तुमच्याकडे शंभर नावांचा हजेरीपट आणि तासाप्रमाणे मिळणारं, तेही वेळेवर न मिळणारं मानधन. ही विषमता खरी आहे आणि शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवणाऱ्या व्यवस्थेवर राग यायलाच हवा. पण उरलेलं अर्धंही तितकंच खरं आहे. नॉर्थ कॅरोलायनात १९३३ साली ब्लॅक माउंटन नावाचं एक छोटं कॉलेज सुरू झालं आणि १९५७ मध्ये बंद पडलं. पैशाची कायम चणचण. मुलं आणि शिक्षक मिळून शेतात राबत, इमारत बांधायलाही हात लावत. जर्मनीतून आलेले चित्रकार जोसेफ आल्बर्स तिथे शिकवत. ते मुलांना कागद, वाळकी पानं, तारेचे तुकडे, हाताला लागेल ते घेऊन बसवत आणि एकाच वस्तूकडे पुन्हा पुन्हा बघायला लावत. रॉबर्ट रॉशेनबर्ग आणि रूथ असावा हे पुढे नावाजलेले कलावंत त्याच वर्गांतून गेले. तेव्हा पैसा नसला की सगळंच संपलं, असं समजू नका.

आता ते नेमकं करतात काय? तुम्ही गोल बसलेली मुलं पाहिलीत. खुर्च्या गोल मांडणं सोपं आहे आणि नुसत्या खुर्च्या मांडून काहीच होत नाही. त्यामागची रीत समजून घ्या. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात ट्युटोरियल नावाचा वर्ग असतो. शिक्षक एक आणि विद्यार्थी दोन. एका आठवड्याला एकानं निबंध लिहून आणून वाचायचा, दुसऱ्यानं त्यावर टीका लिहून आणायची. पुढच्या आठवड्याला उलट. शिक्षक बहुतेक वेळ ऐकतात. विचार करा, आपण लिहिलेलं कुणीतरी आठवडाभर नीट वाचून आलंय आणि आता त्यावर बोलणार आहे. अशा वेळी गाईडमधला परिच्छेद उतरवून न्यायची हिंमत कुणाला होईल? आपल्याकडे मूल पंधरा-सोळा वर्षं शिकतं आणि त्यानं लिहिलेलं एक पान कुणी मनापासून वाचल्याचा अनुभव त्याला अनेकदा मिळत नाही. लाल शेरा मिळतो, गुण मिळतात, वाचक मिळत नाही.

गुणांवरून ऑरेगनमधलं रीड कॉलेज आठवतं. तिथे निबंध परत मिळतो तो शिक्षकांच्या सविस्तर शेऱ्यांसह, श्रेणी त्यावर लिहिलेली नसते. श्रेणी कार्यालयात नोंदवली जाते, हवी असेल त्यानं विचारावी. मुलं मागे पडत असतील तर कळवतातच. पण रोजच्या कामात ‘किती पडले?’ हा प्रश्न समोरून उचलून ठेवलेला असतो. आणि शेवटच्या वर्षी प्रत्येकाला, मग तो भौतिकशास्त्राचा असो की संगीताचा, स्वतःच्या एका प्रश्नावर प्रबंध लिहून त्यावर तोंडी परीक्षा द्यावी लागते. चार वर्षांच्या शेवटी माझा स्वतःचा प्रश्न कोणता असेल, हे पहिल्या वर्षापासून डोक्यात घोळत राहतं. मला या पद्धतीतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात १९६८ पासून विद्यार्थीच एकमेकांना अभ्यासक्रम शिकवतात, आणि ज्याला जे येतं ते शिकवण्याची तिथे मुभा आहे. तिथल्याच कला संग्रहालयातली मूळ चित्रं १९४० पासून मुलांना खोलीत टांगायला भाड्यानं मिळतात. भाडं वर्षानुवर्षं सत्राला अवघे पाच डॉलर राहिलं. मोठ्या चित्रकाराचं चित्र मिळावं म्हणून मुलं आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात. चोरी होईल, डाग पडेल, ही भीती त्या संग्रहालयालाही असणार. तरी त्यांनी मुलांवर विश्वास टाकला. आपल्याकडे कपाटाची किल्ली शिपाईकाकांच्या खिशात असते.

ही सगळी उदाहरणं दूरची म्हणून सोडून द्यायची नाहीत. आपल्या घरातलंच एक घ्या. १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातिसंस्थेची घडण, तिचा उगम आणि विकास यांवर एक निबंध वाचला. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. निबंध वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. वाचणारा ज्या अनुभवातून गेला होता, तो त्या खोलीतल्या इतर कुणाच्या वाट्याला आलेला नसणार. पुढच्याच वर्षी तो निबंध एका संशोधन पत्रिकेत छापून आला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विभागात शिरता आलं, स्वतःचा प्रश्न मांडता आला आणि तो ऐकून घेणारी माणसं तिथे बसलेली होती. तुम्हाला सोलापुरात उभी करायची आहे ती हीच गोष्ट: एक चर्चावर्ग, जिथे मूल आपल्या घरातला प्रश्न घेऊन येईल आणि त्याला कुणी हसणार नाही.

आता तुमच्या अडचणीकडे येते. निवासी कॉलेजांत खरं शिक्षण बऱ्याचदा तासानंतर होतं. मेसच्या टेबलावर, वसतिगृहाच्या गच्चीत, रात्री दोन वाजता. जीवशास्त्राचा मुलगा ओव्यांकडे वळतो तो शेजारच्या खोलीत कुणीतरी ओव्या गुणगुणत असतं म्हणून. तुमची मुलं तर दीडच्या गाडीनं जातात. म्हणून तासानंतरचा कुठलाही उपक्रम तुमच्याकडे चालणार नाही, चालवायचा प्रयत्नही करू नका. मुली थांबणार नाहीत, घरचे थांबू देणार नाहीत आणि तुम्ही निराश व्हाल.

पण मॅडम, ती गाडी हेच तुमचं वसतिगृह आहे. अक्कलकोटहून, मोहोळहून, तुळजापूरहून, मंगळवेढ्याहून येणाऱ्या एकेका एसटीत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशी सगळी मुलं रोज तास-दीड तास शेजारी बसतात. ती एकमेकांना गावानं आणि आडनावानं ओळखतात, पण काय शिकतात ते विचारत नाहीत. तुमच्या मुलांचे गट विषयानुसार किंवा हजेरी क्रमांकानुसार पाडू नका. गाडीनुसार पाडा. अक्कलकोटची गाडी एक गट, मोहोळची एक. शहरातल्या मुलांचे गट पेठेनुसार करा. गटात शक्य तिथे दुसऱ्या शाखेचं एक तरी मूल असू द्या. मग त्यांना वेगळा वेळ द्यावा लागणार नाही आणि स्टँडवरचा गाडीची वाट बघण्याचा वेळही कारणी लागेल.

याला कागदोपत्री आधारही आता आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रात पदवीची जी नवी रचना आली, तीत मुलांना आपल्या शाखेबाहेरचा खुला वैकल्पिक विषय घ्यावा लागतो आणि क्षेत्र प्रकल्पाला क्रेडिट असतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली, आधीच्या वर्षीची फाईल. हे तुम्हालाही माहीत आहे आणि प्राचार्यांनाही. तेव्हा नवं काही मागू नका. ‘क्षेत्र प्रकल्प मी खरा करून घेते, मला आठवड्यातला सकाळचा एक तास आणि एक मोठं टेबल द्या’ एवढंच म्हणा. याला नाही म्हणणं कुणालाही अवघड जाईल.

प्रश्न मात्र मुलांचे हवेत. पहिले काही आठवडे प्रत्येकानं तासाच्या शेवटी एका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून द्यायचा. कुठल्याही भाषेत, नाव घालायची सक्ती नाही. अट एकच: त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात असता कामा नये. सुरुवातीला चिठ्ठ्या कोऱ्या येतील किंवा ‘परीक्षा कधी आहे’ असं लिहून येईल. येऊ द्या. तुम्ही त्यातल्या चार-पाच निवडून त्यावर दोन ओळींचं उत्तर लिहून परत द्या. खरं उत्तर माहीत नसेल तर कुठे बघता येईल ते लिहा. लिखित उत्तर महत्त्वाचं आहे. मुलं ते जपून ठेवतात, हे मी शिकवण्याच्या वर्षांत अनेकदा पाहिलं आहे. एकदा का चिठ्ठीला उत्तर येतं हे कळलं, की चिठ्ठ्या बदलतात.

एक प्रश्न कसा वाढतो ते दाखवते. समजा रात्री कारखान्यात जाणाऱ्या मुलानं लिहिलं, ‘चादरीवरचा मोर मागाला कसा कळतो?’ सोलापुरी चादरीची नक्षी जेकार्ड नावाच्या, मागावर बसवलेल्या जोडणीनं निघते. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जाकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ही जोडणी सिद्ध केली. तिच्यातल्या पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक असेल तिथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथे उचलला जात नाही. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी पुढे आपल्या गणनयंत्राला सूचना देण्यासाठी याच पट्ट्यांची कल्पना उचलली. म्हणजे तुमच्या कॉलेजात संगणक शिकणारी मुलगी ‘शून्य आणि एक’ म्हणून जे शिकते, त्याचा पूर्वज तुमच्या मुलाच्या हाताखाली रात्रभर खडखडत असतो. त्या दोघांना एका टेबलावर बसवा. वाणिज्यचं मूल एका चादरीमागे सूत किती, वीज किती, मजुरी किती, दुकानातली किंमत किती ते काढेल. इतिहासाचं मूल विचारील की १८७७ ची जुनी गिरणी इथेच का निघाली, तिच्यामागोमाग आणखी गिरण्या आल्या त्या पुढे बंद का पडल्या आणि माग घराघरांत कसे गेले. मराठीच्या मुलांना काम द्या कारखान्यातले शब्द गोळा करण्याचं. मागावरचे कितीतरी शब्द तेलुगूतून आलेले सापडतील, आणि ते समजावून सांगताना एरवी गप्प बसणारी पद्मशाली मुलं वर्गाची शिक्षक होतील. चादरीला भौगोलिक मानांकन आहे. त्याचा फायदा विणणाऱ्याला मिळतो का, हा प्रश्न मग मुलांना तुम्ही सुचवावा लागणार नाही.

सोलापूर अशा प्रश्नांनी भरलेलं आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. मराठीच्या तासाला कन्नड घरातल्या मुलीला ती मोठ्यानं वाचायला लावा आणि बाकीच्यांनी तिला अर्थ विचारावा. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून तुमची मुलं रोज जातात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं, एवढं पाठ असतं. पण १९३० च्या मे महिन्यात एका गिरणगावात लष्करी कायदा लागतो म्हणजे रस्त्यावर नेमकं काय होतं? भाजी मिळते का, गिरणी चालते का, टोपी घालून बाहेर पडता येतं का? हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन जुनी पुस्तकं आणि जुनी वर्तमानपत्रं मागायला मुलांना शिकवा. नान्नजच्या माळरानावरचा माळढोक, कंबर तलावाचं पाणी, इथलेच, १९३८ साली चीनला गेलेले डॉ. कोटणीस, कुठूनही सुरुवात करता येते. फक्त विषय तुम्ही वाटून देऊ नका. वाटून दिलेला विषय म्हणजे पुन्हा झेरॉक्सचं दुकान.

ग्रंथालयाबद्दल एक हट्ट धराच. अनेक कॉलेजांत मुलं खिडकीशी चिठ्ठी देतात आणि आतून पुस्तक येतं. म्हणजे ज्याचं नाव माहीत आहे तेवढंच पुस्तक मिळू शकतं. कुतूहलाचं सगळं काम तर नाव माहीत नसलेल्या पुस्तकापाशी होतं. तुमच्याकडेही असंच असेल तर ग्रंथपालांना भेटा. तुमच्या एका गटाला आठवड्यातून एकदा कपाटांच्या मधे अर्धा तास नुसतं फिरू द्या, असं सांगा. हरवलेल्या पुस्तकाची वसुली ग्रंथपालांच्या पगारातून होण्याची भीती असते, हे ध्यानात ठेवा आणि जबाबदारीच्या कागदावर त्यांच्याबरोबर तुमच्या विभागप्रमुखांची सही घ्या.

टेबलावर मुलांना बोलू देताना भाषेचा धाक आधी काढावा लागेल. सोलापूरचं बोलणं ऐकून बाहेरचे हसतात, हे मुलांना लहानपणापासून माहीत असतं आणि प्रमाण मराठी येत नाही म्हणून ती गप्प राहतात. पहिल्यांदा घरच्या भाषेत सांगू द्या, लिहिताना मराठी नीट करता येते. मराठीच्या शिक्षिकेनं हे म्हटलं तर त्याला फार वजन असतं.

सत्र संपताना गटांनी काय केलं ते मांडा, पण स्पर्धा ठेवू नका. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात मुलं जीव तोडून मेहनत करतात, मात्र तिथे तीन जण जिंकतात आणि बाकीचे हरतात. इथे अर्धवट काम घेऊन आलेल्यालाही जागा हवी. ‘आम्हाला हे शोधायचं होतं, इथवर आलो, इथे अडलो’ एवढं सांगणंही पुरे. पालकांना बोलवा. विड्या वळणाऱ्या आयांना दिवसाचा खाडा परवडत नाही, तेव्हा वेळ त्यांना विचारून ठरवा.

एक सांगायचं राहिलं, आणि ते तुमच्याबद्दल आहे. कुतूहलाचं वातावरण एकट्या शिक्षिकेनं तयार होत नाही. मुलांना शिक्षक एकमेकांशी बोलताना, एकमेकांना विचारताना दिसावे लागतात. दामोदर कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना प्राचीन नाणी तराजूत तोलत बसायचे, आणि वजनातल्या बारीक फरकांवरून इतिहासाकडे गेले. असा एखादा वेडा प्रत्येक कॉलेजात असतो. तुमच्याकडे वनस्पतिशास्त्रात किंवा संख्याशास्त्रात तो कुणीतरी असेलच. त्यांना महिन्यातून एकदा टेबलावर बोलवा, शिकवायला म्हणून नको, ऐकायला आणि विचारायला. दोन-तीन सहकारी मिळाले तरी पुष्कळ. आणि स्वतःला जपा. तुमची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते, घरी जाऊन तुम्हाला सेट-नेटचा अभ्यासही करायचा असेल. आठवड्याला हा एक तास, त्याहून जास्त नाही. मुलांच्या झेरॉक्सचे, प्रवासाचे पैसे स्वतःच्या खिशातून घालू नका. केलेल्या कामाची नोंद तारखेनिशी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही तिथे नसलात तरी कुणालातरी ते पुढे नेता येईल.

आता तुमची ती विद्यार्थिनी. तिच्या वहीबद्दल वाचून मला फार आनंद झाला. तिला हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या कामाविषयी सांगा. त्यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यांसह. त्यातल्या पुष्कळ आता ‘परी’ या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. तिनंही गाण्याबरोबर आजीचं माहेर, गाणं कधी आणि कुठल्या कामाच्या वेळी म्हणतात, कुणाकडून शिकली, हे लिहावं. आजीची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज उतरवून ठेवावा. चाल कागदावर येत नाही.

तिनं जावं का? तिची इच्छा असेल तर जरूर अर्ज करावा, पण मोठ्या नावावर जाऊ नका. पुण्याजवळच्या खासगी विद्यापीठांचं शुल्क लाखांत आहे आणि वसतिगृहाचा, मेसचा खर्च वेगळा. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरच्या उत्पन्नानुसार आर्थिक साहाय्य मिळतं, तिकडेही बघा. कुठेही अर्ज करण्याआधी तिथे शिकत असलेल्या मुलांना विचारायचं: वर्गात किती जण असतात, तुमचं लिखाण वाचून कोण बोलतं, इंग्रजी कच्चं असलेल्या मुलीला पहिल्या वर्षी कोण मदत करतं, शिष्यवृत्ती राहण्या-जेवण्यासकट आहे की फक्त शुल्कापुरती, आणि सुट्टीत सगळे गोव्याला निघाले की पैसे नसलेली मुलं काय करतात. शेवटचा प्रश्न टाळू नका. तिथल्या समाजात तिला आपलं वाटेल की ती कोपऱ्यात पडेल, ते त्याच्या उत्तरावरून कळतं. ती दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून मला वाटतं की तिनं पदवी सोलापुरातच पूर्ण करावी आणि पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडावं. मधेच बदल केला तर मिळवलेले क्रेडिट दुसरी संस्था किती मानेल, हे त्या संस्थेवर असतं. तोवर तुमच्या टेबलावर तिची गरज आहे आणि तिलाही टेबलाची. घरचे घाबरत असतील तर आईला घेऊन एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन या. सकाळी निघून रात्री परत येता येतं, आणि वसतिगृह डोळ्यांनी बघितलं की आयांची निम्मी भीती कमी होते.

अर्जाबरोबरचं निवेदन तिचं तिलाच लिहू द्या, तुम्ही फक्त वाचून प्रश्न विचारा. शिफारसपत्र तुम्ही द्या. त्यात ‘हुशार, मेहनती, नम्र’ असं काही लिहू नका. तिनं कोणत्या दिवशी कोणता प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर शोधायला ती कुणाकुणाकडे गेली, ते लिहा.